आहेराची यादी

पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण कुठलं, तर दुसऱ्या प्रकरणाचं नाव निघेल. पूर्वसंशोधनाचा आढावा. आपल्या आधी या विषयावर कोण काय बोलून गेलं, ते त्यात सांगायचं असतं. यूजीसीच्या 2009 च्या नियमापासून प्रबंध संगणकीय रूपात द्यावे लागतात, त्यामुळं शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात ते ढिगानं पडलेले आहेत, फुकट वाचायला मिळतात. कुठलाही उघडा. दुसरं प्रकरण बहुतेकदा एकाच चालीवर चाललेलं असतं. अमुक यांनी असा अभ्यास केला. तमुक यांनी तसा अभ्यास केला. नाव, कंसात साल, चार ओळी, की पुढचं नाव. आमच्या मार्गदर्शक मॅडम त्याला आहेराची यादी म्हणतात. कुणी काय दिलं ते लिहिलंय, पण या पाहुण्यांपैकी कोण कुणाशी बोलत नाही, त्याचा पत्ताच नाही. लग्नघरात ऐकण्यासारखं तर तेच असतं.

माझा विषय सोलापूरचे यंत्रमाग. पूर्व भागात, म्हणजे शहरातल्या मागवाल्यांच्या वस्तीत, राहणाऱ्या मुलीनं हा विषय घेतला म्हणजे घरबसल्या डॉक्टर होण्याचा बेत, अशी मैत्रिणींची समजूत. "काय शोधलालीस एवढं? खिडकी उघड की बे!" खिडकी उघडली की खडखडाट येतो हे खरंय. पण तो इथं कुठून आला, कधी आला, हे त्या खडखडाटात ऐकू येत नाही.

सोलापूरबद्दल कुणी काय लिहिलंय ते शोधायचं तर आधी सोलापूर कधी कुणाच्या हद्दीत होतं ते माहीत पाहिजे. इथलं विद्यापीठ 2004 चं. त्याआधीची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली, म्हणून जुने प्रबंध तिकडं. त्याच्याही मागं गेलं की मुंबई इलाख्याचे सरकारी कागद. शिवाय इंग्रजांच्या स्पेलिंगात सोलापूरला एक जादाचा एच होता. तो घालून शोधलं की 1884 चं गॅझेटियर, गिरण्या, 1930 चा मार्शल लॉ, असलं सगळं वर येतं. तो काढला की चादरी, टॉवेल आणि यंत्रमाग. एआयला विचारायचा सोपा रस्ताही आहे. ते सफाईनं दहा संदर्भ देतं, आणि त्यातले काही जन्मालाच आलेले नसतात.

खरी मजा वाद सापडल्यावर सुरू होते. गिरणीचं कापड आलं आणि हातमागवाला बुडाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. अर्थेतिहासकार तीर्थंकर रॉय यांनी 1990 च्या दशकात नेमका त्यालाच हात घातला. सगळे बुडाले नाहीत, बरेच जण बदलले, त्यांनी नवं तंत्र घेतलं, नवा बाजार धरला, असं त्यांचं म्हणणं. डग्लस हेन्स यांनी 2012 मध्ये पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवर पुस्तक लिहिलं, त्यात विणकर आणि छोटे कारखानदार हेच मध्यभागी आहेत. आता ही मंडळी एकाखाली एक न लिहिता जुन्या मताच्या समोरासमोर बसवली की आपलंच गाव कोडं होऊन बसतं. सोलापुरात कापड गिरणी आली 1877 साली. आणि ज्या गावात गिरणीचा भोंगा वाजत होता, त्याच गावात तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, माग टाकत राहिले. गिरणी जर मागाचा काळ होती, तर हे लोक तिच्याच दारात कशाला आले? पुढं तर गिरण्या बंद पडल्या आणि माग चालू राहिले. या एका प्रश्नासाठी मी दोन महिन्यांचा कंटाळा माफ केला.

वाचता वाचता एक वाईट खोडही लागते. एखादं ठसठशीत वाक्य एका प्रबंधात दिसतं, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. तळटीप धरून मागं गेलं तर तिसरा दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा पहिल्याचा, आणि पहिला कुणाचाच नाही. तेव्हापासून माझ्या तोंडी सारखं "कशावरून?" असतं. बाबा जेवताना म्हणाले, पूर्वी सोलापूरची चादर धुतली तरी रंग सोडत नव्हती. मी विचारलं, कशावरून? आईनं शेंगाचटणी पुढं सरकवली आणि म्हणाली, "गप जेव."

या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, 'या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही.' ते लिहिलं की मोठा जिना चढून आल्यासारखं वाटतं. मॅडम त्याखाली पेन्सिलनं लिहितात, "झालं नाही, की पाहिलं नाहीस?" याला उत्तर एकच, अजून शोधणं. संदर्भसूच्यांमध्ये तीच ती नावं भेटायला लागली, नवं कुणी येईनासं झालं, की थांबायला हरकत नाही म्हणतात. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराची केलेली पाहणी, 1965 ची छापील, मला इतक्या सूच्यांमध्ये भेटली की आता ती घरातलीच वाटते.

शेजारच्या काकांचे चार माग आहेत. माझी टिपणं त्यांनी एकदा चष्मा लावून पाहिली. तुटलेला धागा ते बोलता बोलता दोन बोटांत धरतात, एक पीळ देतात आणि गाठ कुठं मारली ते नंतर शोधूनही सापडत नाही. ते म्हणाले, "हे सगळ्यांच्या नावापुढं साल टाकलालीस ते बरंय. आमचं पण नाव टाक की कंसात."

मी त्यांना समजावलं की तुमचं बोलणं दुसऱ्या प्रकरणात येत नाही, ते छापलेल्यांचं. तुम्ही येणार पुढं, मुलाखतींत. आणि तिथं नाव द्यायचं नसतं, नियम आहे, तुमच्याच भल्यासाठी. तिथं माहितीदार क्रमांक सात असं काहीतरी येईल.

काकांनी मागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"सात कशाला? एक टाक. गल्लीत पहिला माग आमचा आहे."

"कशावरून?" मी विचारलं.