आईचं तिकीट, माझं कार्ड

मागच्या वर्षी जूनमध्ये आई सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली, माझ्या बाळंतपणासाठी. तिचा पहिलाच विमानप्रवास आणि तोही एकटीचा. तिकीट मी इथून माझ्या क्रेडिट कार्डावर काढलं. स्वतःची तिकिटं इतकी वर्षं काढतेय त्यामुळे तासाभराचं काम आहे असं धरून चालले होते, प्रत्यक्षात चार दिवस गेले. आपल्यातले खूप जण आईवडिलांसाठी असंच तिकीट काढतात म्हणून सगळं नीट लिहितेय.

मुंबई ते नेवार्क (न्यू जर्सीचा विमानतळ) आणि परत, मध्ये एक स्टॉप. प्रवास मुंबईहून सुरू होणार म्हणून एअरलाईनच्या साईटवर भाडं रुपयात दिसत होतं, सव्वा लाखाच्या आसपास. माझ्या नेहमीच्या कार्डाला परदेशी चलनावर ३ टक्के फी आहे, म्हणजे जवळपास पावणेचार हजार रुपये उगाच गेले असते, म्हणून ती फी नसलेलं दुसरं कार्ड घेतलं. ते मी फारसं वापरत नाही, त्यात अचानक रुपयात एवढी मोठी रक्कम, बँकेने लगेच अडवलं. हा व्यवहार तुम्हीच केलाय का असा मेसेज आला, मी हो म्हणून उत्तर दिलं, पण तोवर साईटवर पीएनआर तयार झाला होता आणि पैसे गेलेच नव्हते. मला वाटलं झालं बुकिंग! पीएनआर म्हणजे फक्त नोंद, तिकीट निघालं की १३ आकडी तिकीट नंबर येतो. तो दिसत नसेल तर तिकीट नाहीच असं समजा. परत सगळं भरलं, यावेळी नंबर आला.

रात्री भावाला इटिनररी पाठवली आणि त्याने आईचा पासपोर्ट समोर ठेवून ताडून बघितली, बरं झालं. आईच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात तिचं नाव आणि पुढे बाबांचं नाव असं दोन्ही आहे, आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतं तसं. मी बाबांचं नाव घातलंच नव्हतं. कदाचित चाललंही असतं, पण आई एकटी जाणार, तिला कुणी काही विचारेल अशी जागाच मला ठेवायची नव्हती. इथल्या परिवहन खात्याचा नियम आहे की अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या फ्लाईटचं तिकीट थेट एअरलाईनकडून काढलं असेल आणि प्रवासाला किमान ७ दिवस बाकी असतील तर एअरलाईनने एकतर भाडं २४ तास फुकट धरून ठेवायचं नाहीतर २४ तासात तिकीट रद्द करून पूर्ण पैसे परत द्यायचे. एजंटच्या साईटला हा नियम लागत नाही, मी थेट काढलं होतं म्हणून वाचले. रद्द करून नवीन काढलं, पण आधीचे पैसे कार्डावर परत यायला आठवडा गेला. तेवढी लिमिट कार्डावर शिल्लक असावी लागते, हे लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्या कार्डाने पैसे भरले ते चेक-इनच्या वेळी दाखवावं लागू शकतं. कार्ड माझ्या पर्समध्ये न्यू जर्सीला आणि आई मुंबईत काउंटरवर! चोरलेल्या कार्डावर दुसऱ्याच्या नावाने तिकिटं काढणारे असतात म्हणून ही पडताळणी, ते पटतंही, पण आईने तिथं एकटीने काय करायचं? सोडायला आलेल्यांना तर टर्मिनलच्या आत सोडतच नाहीत.

एअरलाईनला फोन लावला, चाळीस मिनिटं होल्डवर, पण बाई भली होती, तिने सगळं सांगितलं. माझ्या सहीचं पत्र, त्यात आईचं पासपोर्टप्रमाणे नाव, आमचं नातं, तिकीट नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. सोबत कार्डाच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स, मधले आकडे झाकून, आणि माझ्या पासपोर्टची कॉपी. कार्डाची मागची बाजू आणि सीव्हीव्ही कुणालाही द्यायचा नाही, मागितला तरी नाही. मी हे सगळं मेल केलं आणि बुकिंगमध्ये तशी नोंद टाकून घेतली, नोंद झाल्याचं उत्तर मेलवर मागितलं. त्याच फोनवर व्हीलचेअर सांगितली, ती फुकट असते, आणि जेवण बदलून घेतलं. मी हिंदू मील निवडलं होतं, ते नॉनव्हेज असतं! आपल्या शाकाहारी लोकांनी एशियन व्हेजिटेरियन घ्यायचं.

भावाने सगळ्याच्या दोन-दोन प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये लावल्या आणि आईकडून घरी दोनदा म्हणवून घेतलं, कार्डाचं विचारलं की निळा कागद लावलेलं पान काढायचं.

त्या रात्री मुंबईत पावणेदोन वाजले होते, माझ्याकडे दुपारचे सव्वाचार. भाऊ गेटबाहेर उभा, मी फोन हातात धरून बसलेली, सातवा महिना, पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. आईचा फोन आला तो थेट सिक्युरिटी झाल्यावर. विचारलंच होतं तिला, पैसे कुणी भरले, कार्ड कुठंय. "मी म्हटलं माझ्या लेकीनं काढलंय, अन् निळ्या कागदाचं पान दिलं त्यांच्या हातात. त्या पोरीनं कॉम्प्युटरवर बघितलं अन् म्हणाली, ठीक आहे आजी." एवढंच. मी किती वेळ रडले मला माहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये ती परत निघाली तेव्हा नेवार्कला बाळाला घेऊन मी कार्डासकट काउंटरपर्यंत गेले, तिथं कुणी विचारलं नाही. फाईल आई घेऊन गेली. आता ती फाईल सांगलीत शेजारच्या काकूंकडे आहे, त्यांच्या मुलाने टोरंटोहून त्यांचं तिकीट काढलंय आणि पत्र कसं लिहायचं ते त्याला माझ्या पत्रावरून बघायचं होतं.