तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी फोडून प्रथिन कशाला बनवायचं?

पेशी आयती प्रथिनं बनवते, मग ती फोडून तेच काम नळीत का करायचं, असं आम्हाला बरेचदा विचारतात. नेहमीच्या 20 अमिनो आम्लांपुरतं काम असेल तर करूच नये, पेशीच स्वस्त पडते. पण अझाइड (तीन नायट्रोजन अणूंचा गट) लावलेलं फेनिलअ‍ॅलनिन हे वेगळं अमिनो आम्ल प्रथिनात एका ठरावीक जागी बसवायचं असेल, तर पेशीचं आवरण आड येतं. अशी काही आम्लं आत शिरत नाहीत, काही शिरतात आणि पेशीला मारतात. फोडलेल्या पेशींच्या अर्काला मरायची भीती नाही, आणि हवं ते हव्या मापात घालता येतं.

जागा दाखवायला जीनमध्ये यूएजी हा स्टॉप कोडॉन (एरवी ‘प्रथिन इथे संपव’ असं सांगणारी तीन अक्षरं) ठेवायचा. ज्याचा अर्क घेतो तो जीवाणू, ई. कोलाय, तो फार कमी वापरतो. त्याला वाचणारा टीआरएनए (अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू) आणि त्यावर फक्त आपलंच आम्ल चढवणारं सिंथेटेज हे विकर, ही जोडी परक्या जीवाची घ्यायची. अझाइडसाठी मिथॅनोकॅल्डोकॉकस जॅनाशाय या सूक्ष्मजीवाची, सिंथेटेज त्या आम्लासाठी बदललेलं. 1989मध्ये रसायनशास्त्रज्ञ पीटर शुल्ट्झ यांच्या गटानं हे नळीत केलं, तेव्हा टीआरएनएवर आम्ल रसायनानं चढवलं होतं. असा टीआरएनए एकदा वापरला की रिकामा. सिंथेटेज तो पुन्हा पुन्हा भरतं.

15 मायक्रोलीटरच्या मिश्रणात साधारण तिसरा हिस्सा अर्क, 200 नॅनोग्रॅम प्लास्मिड (आपला जीन असलेलं डीएनएचं कडं), सगळी अमिनो आम्लं 2 मिलिमोलर, वेगळं आम्लही तेवढंच, सिंथेटेज मिलीलीटरला अर्धा मिलिग्रॅम, वर न्यूक्लिओटाइड आणि ऊर्जेसाठी पीईपी (फॉस्फोइनॉलपायरुव्हेट). 30 अंशांवर रात्रभर ठेवा, पण 2 मिलीलीटरच्या नळीत, म्हणजे वर हवा राहते. मॅग्नेशियम मात्र दर नव्या अर्काला 6 ते 14 मिलिमोलरपर्यंत चढत्या पायऱ्यांनी तपासा. हे टाळणाऱ्यांचे आठवडे वाया जातात. अझाइडवालं आम्ल साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. थोडं सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, मग पीएच बघावाच लागतो.

खरी अडचण यूएजीवरच्या चढाओढीत आहे. रिलीज फॅक्टर 1 (स्टॉप कोडॉनवर साखळी सोडवणारं पेशीचं प्रथिन) आधी पोहोचला, तर प्रथिन अर्धवट सुटतं. म्हणून सहा हिस्टिडिनांची शेपटी शेवटाला लावा, म्हणजे फक्त पूर्ण लांबीचंच शुद्धीकरणाच्या स्तंभाला चिकटेल. 2013मध्ये ई. कोलायची एक जात तयार झाली, जिच्यातले 321 यूएजी बदलून यूएए हा दुसरा स्टॉप कोडॉन केला आणि तो फॅक्टरच काढून टाकला. तिचा अर्क वापरला तर चढाओढ संपते. पण तो काढला की पेशीचेच काही टीआरएनए यूएजीवर बसतात आणि टायरोसीन किंवा ग्लुटामिन घालतात. चाचणीसाठी बनवलेलं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) चमकलं म्हणजे आपलं आम्ल बसलं, असं धरू नका. वेगळं आम्ल न घातलेली नळी शेजारी हवीच.

त्यानंतर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूचं वजन मोजणं. प्रथिनाच्या साखळीतली अझाइडवाली कडी टायरोसीनच्या कडीपेक्षा 25 डाल्टनांनी (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) जड असते. पण अर्काच्या बफरमधलं डीटीटी हे क्षपण करणारं रसायन अझाइडचं अमाइन करू शकतं. मग वजन 26 डाल्टन घटतं आणि कडी टायरोसीनपेक्षा जेमतेम 1 डाल्टन हलकी उरते. 27 किलोडाल्टनच्या अख्ख्या प्रथिनात हा फरक सहज निसटतो. म्हणून डीटीटी कमी ठेवा, नळी फॉइलमध्ये गुंडाळा (अतिनील प्रकाशही अझाइड मोडतो), आणि प्रथिन ट्रिप्सिन या विकरानं कापून ती कडी असलेला तोच एक तुकडा (पेप्टाइड) तपासा.