कोल्हापूरहून मुंबईत भाड्यासाठी फ्लॅट : पाहणीचा दौरा, कागद आणि हिशेब

मुंबई-ठाण्याच्या लोकल पट्ट्यात भाड्याने द्यायला एक फ्लॅट घ्यायचा, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढली. राहायला घर शोधताना माणूस खिडकीतून काय दिसतं ते आधी बघतो. आपण कोल्हापुरात आणि भाडेकरू रात्रभराच्या प्रवासावर असेल, तर बघायच्या गोष्टी बदलतात. नळ बिघडला, भाडेकरू सोडून गेला, सोसायटीने नोटीस काढली, तर इथे बसून ते निस्तरता येईल का? सगळा दौरा आम्ही याच एका प्रश्नासाठी केला. पहिल्यांदाच असं काही करणाऱ्यांच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहितोय.

निघण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. एजंट फोनवर सांगतो त्या भावावर आणि भाड्यावर विसंबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवर नोंदले गेलेले दस्त दिसतात, आणि इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशात, व्यवहाराची रक्कम असते. फ्लॅट कितीला गेला हे कळतंच, शिवाय नोंदणी झालेले लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर भाड्याने दिल्याचे, करारही तिथे सापडतात. म्हणजे त्या भागात भाडं आणि डिपॉझिट खरोखर किती चाललंय ते कागदावर कळतं. आम्ही तीन-चार संध्याकाळी हेच करत बसलो. जाहिरातीतलं भाडं आणि करारातलं भाडं यांतलं अंतर पाहिल्यावर आमच्या यादीतले काही भाग घरबसल्याच गळाले.

मुक्काम मुलुंडला मावसभावाकडे होता. वहिनींनी चहा पुढे करतानाच सांगितलं, "भाऊजी, जागा दुपारी बघू नका. सकाळी आठला बघा, नाहीतर रात्री नऊला." पुढच्या सगळ्या फिरतीत हा सल्ला सगळ्यात कामाचा ठरला.

मुलुंड आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, त्यामुळे तिथे फार वेळ घालवला नाही. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे फलक मात्र गल्लोगल्ली आहेत, आणि "आत्ता घ्या, नवीन मोठा फ्लॅट मिळेल" असं सांगणारेही भेटतात. बिल्डरशी करार झालेला नाही, सोसायटीत दोन तट आहेत, अशा ठिकाणी लांबच्या माणसाने शिरू नये. सभांना हजर कोण राहणार?

एका एजंटने लालबागला खोली दाखवली. किंमत ऐकून डोळे चमकले, पण ती पागडीची होती. पागडीत आपण भाडेकरूच असतो. मालकी घरमालकाचीच राहते. हक्क दुसऱ्याच्या नावे करताना त्याची संमती लागते आणि रकमेतला हिस्साही द्यावा लागतो. त्यावर गृहकर्ज मिळणं अवघड. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांसाठी ती जागा मोलाची आहेच, पण बाहेरगावच्या नवशिक्याने भाड्याच्या हिशेबाने तिच्याकडे बघू नये.

डोंबिवलीला आम्ही सकाळी आठच्या सुमारास पोचलो. सीएसएमटीपासून हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. फलाटावरची गर्दी पाहिली की इथे भाडेकरू का मिळतो ते कळतं. रोज मुंबईला जाणाऱ्याला स्टेशन चालत्या अंतरावर हवं असतं, आणि त्यासाठी तो हजार-दोन हजार जास्त मोजतो. "स्टेशनपासून दहा मिनिटं" असं एजंट म्हणाला की स्वतः चालून बघा. आम्हाला दहा मिनिटांच्या म्हणून दाखवलेल्या एका इमारतीला शेअर रिक्षा लागत होती, आणि रिक्षाची रांगच तेवढा वेळ खात होती.

इथे नवीन इमारतीही स्वस्तात दाखवतात. त्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी जोडून महारेराची (रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्या घरांत राहणाऱ्यांपैकी अनेकांनी रेरा नंबर बघून आणि बँकेचं कर्ज काढून घर घेतलं होतं. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. तिथल्या लोकांच्या डोळ्यांतलं पाणी बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून रेरा नंबर ही तपासणीची सुरुवात समजा. महारेराच्या साइटवर प्रकल्पाची सगळी कागदपत्रं असतात. त्यातलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा. हे काम आपल्या वकिलाने करावं. बिल्डरने सुचवलेला वकील नको. आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायद्यातला नियम आहे. "आज बुकिंग केलंत तरच हा रेट" असं कुणी म्हणालं तरी तो बदलत नाही.

आम्ही स्वतः तयार, जुना फ्लॅट घ्यायच्या बाजूचे झालो. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. पैशापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तयार घरात सोसायटी डोळ्यांनी बघता येते.

सोसायटी बघायची ती नोटीस बोर्डावर. डोंबिवली पूर्वेला एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली आम्ही बराच वेळ बोर्ड वाचत उभे होतो. थकबाकीदारांची यादी, त्यात दोन नावांपुढे लाखाच्या वरचे आकडे. मे महिन्याचं टँकरचं बिल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी. खाली कोपऱ्यात, भाडेकरू ठेवण्याआधी समितीला कळवावं, अशी सूचना. एवढ्या चार कागदांवरून एजंटने सांगितलं नसतं ते सगळं कळलं. मग सेक्रेटरींकडे गेलो. गृहस्थ निवृत्त, बोलायला मोकळे. त्यांना तीन गोष्टी विचारल्या : ओसी आहे का, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर चढली आहे का, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्ज किती घेता. शेवटचा प्रश्न आपल्यासारख्यांना लागू पडतो, कारण मालक स्वतः राहत नसला की सोसायटी तो लावते. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरणाच्या प्रीमियमलाही २५,००० रुपयांची मर्यादा आहे. आम्ही हे विचारलं तेव्हा सेक्रेटरींनी फाइलच काढून दाखवली. तिथेच ती इमारत आमच्या मनात बसली.

बदलापूरला गेलो ते मुख्यतः किंमत बघून. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर, घरं मोठी, हवा छान. पण आम्ही पंचगंगेचा पूर पाहिलेली माणसं. जुलै २०१९ मध्ये आमचीच महालक्ष्मी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. त्यामुळे तिथे फ्लॅट बघण्याआधी नदी कुठे आहे ते विचारलं. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते नगरपरिषदेत विचारता येतं. शिवाय तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं. एका किराणावाल्याने आम्हाला शटरवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. हात त्याच्या कमरेच्या वर होता. नदीपासून लांब, उंचावर चांगल्या वसाहती आहेतच, पण त्या भागातून आम्ही लगेच परत फिरलो.

आता हिशेब, कारण नवा माणूस इथे भावनेने चालतो. समजा ठाणे शहरात ५० लाखांचा फ्लॅट आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ४० लाख. १० लाख आपले. मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख (मुंबई पालिकेच्या हद्दीत ६ टक्के, नुसत्या बाईच्या नावावर निवासी घर घेतलं तर १ टक्का सवलत). नोंदणी फी ३०,०००. एजंटची दलाली आणि वकील धरून खिशातून पंधरा लाखांच्या जवळपास जातात. ४० लाखांचा हप्ता ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिना साडेतेहतीस हजारांच्या आसपास बसतो. भाडं १२,००० धरलं तर वर्षाचं १,४४,०००. त्यातून अडीच हजारांप्रमाणे मेंटेनन्सचे ३०,०००, महिनाभर घर रिकामं राहण्याचे १२,०००, एजंटला एक भाडं १२,०००, घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती दहाएक हजार. हातात ८०,०००. म्हणजे किमतीच्या दीड टक्क्याच्या जरा वर.

भाड्यातून हप्ता फिटेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यासमोर हा हिशेब मांडा. इथे फ्लॅट घेणारा हप्त्याचा मोठा भाग स्वतःच्या पगारातून भरतो आणि दहा-पंधरा वर्षांनी किंमत वाढेल या भरवशावर थांबतो. तेवढी ताकद आणि धीर असेल तरच उतरावं. आमचा पगार कोल्हापूरचा आहे, म्हणून आम्ही कर्ज निम्म्यावर आणलं आणि छोटा वन बीएचके धरला.

लांबून सांभाळायची व्यवस्था घर घेण्याआधीच लावून ठेवा. किल्ली कुणाकडे राहणार, प्लंबरला दार कोण उघडणार, हे ठरलेलं हवं. आमच्याकडे ते मावसभावाने पत्करलं आणि त्याचा मोबदला आम्ही आग्रहाने ठरवून घेतला; नात्यात काम फुकट झालं की दुसऱ्या वर्षी फोन उचलला जात नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवता येतो, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, म्हणून "नोटरी करून टाकू" म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणंही आपलंच काम. खरेदीच्या वेळी दोघांपैकी एकाला जाता येणार नसेल, तर कुलमुखत्यारपत्र साध्या स्टॅम्प पेपरवर चालत नाही. ते आपल्या गावच्या दुय्यम निबंधकांसमोर करून घ्या.

डोंबिवलीच्या त्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे कागद आता वकिलांकडे आहेत. तीस वर्षांचा सर्च म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, ओसीची खरी प्रत, विकणाऱ्याच्या बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि सोसायटीचं ना हरकत, एवढं हाती आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही असं विकणाऱ्यांना स्पष्ट सांगितलंय. त्यांनी पंधरा दिवस मागितलेत. पुढची फेरी जुलैत काढणार आहे, मुद्दाम भर पावसात. त्या जिन्यात, गच्चीत आणि स्टेशनच्या रस्त्यावर पाणी किती साचतं ते तेव्हाच दिसेल.