तुम्ही विचारलंत म्हणून: हाताने फोकस कशाला?

"ताई, एवढा नवा कॅमेरा घेतलात, तो आपणहून डोळा शोधतो. मग ही जुनी लेन्स लावून हाताने फोकस कशाला करत बसता?" वेंगुर्ल्यातल्या माझ्या स्टुडिओत येणारी कॉलेजची मुलं हे विचारतात, लग्नाच्या ऑर्डरीला सोबत असणारे फोटोग्राफरही विचारतात. दर वेळी घाईत काहीतरी सांगते आणि उत्तर अर्धंच राहतं. आज पूर्ण सांगते.

लेन्स आहे निकॉन कंपनीची निक्कॉर १०५ एमएम, एफ/२.५. १०५ ही तिची फोकल लेंग्थ, आणि २.५ म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, अपर्चर, जास्तीत जास्त केवढं उघडतं तो आकडा; आकडा लहान तेवढं भोक मोठं. माझे मामा मुंबईला नोकरीला होते, त्यांनी ती ऐंशीच्या दशकात घेतली. गणपतीला गावी आले की घरातल्या एकेकाला ओटीवर बसवायचे आणि स्वतः खळ्यात उभे राहून फोटो काढायचे. माझ्या आजीचा घरात लावलेला फोटो तोच. या लेन्सचा पहिला अवतार १९५३ सालचा, रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यासाठी केलेला. १९५९ साली निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची बैठक, आला तेव्हा ती एसएलआरवर, आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यावर आली आणि १९७१ साली आतल्या काचांची मांडणी बदलली. माझ्याकडची त्या नंतरच्या मांडणीची. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला, तो याच १०५ एफ/२.५ने.

ती नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हेही बरेच जण विचारतात. जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर होतं, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागायची. २०१८ साली आलेल्या निकॉनच्या झेड माउंटमध्ये आरसाच नाही, त्यामुळे ते अंतर १६ मिलिमीटरवर आलं. उरलेले ३०.५ मिलिमीटर भरून काढायचे म्हणजे झालं, आणि त्याला एक पोकळ कडं पुरतं. त्यात काच नसते, म्हणून लेन्सच्या मूळ गुणाला धक्का लागत नाही. कॅमेऱ्याला मात्र पुढे काय बसलंय ते कळत नाही. मेनूत जाऊन १०५ आणि २.५ हे आकडे आपण भरायचे, म्हणजे हाताची थरथर सावरणारं आतलं स्टॅबिलायझेशन नीट चालतं. अपर्चर लेन्सवरच्या रिंगने, फोकसही रिंगने. एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश किती घ्यायचा ते, कॅमेरा मोजून देतो.

आता मुद्द्याचं. २ मीटरवरून, कॅमेरा उभा धरला तर, या लेन्समध्ये साधारण ४५ बाय ७० सेंटिमीटर एवढंच मावतं. म्हणजे एका माणसाचं डोकं आणि खांदे. आणि २.५वर उघडी ठेवली तर त्या अंतरावर जेमतेम ५ सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प येतो. दीड मीटरवर गेलात तर ३. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत माणसाचा चेहरा याच्या कितीतरी जास्त खोल असतो. तेव्हा चेहऱ्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी ठरवायलाच लागतं. ऑटोफोकसने ते कॅमेरा ठरवतो, बहुतेक वेळा जवळचा डोळा, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मला ते स्वतः ठरवायचं असतं.

दशावताराचं उदाहरण देते. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापुढे नाटक उभं राहतं. त्याआधीचा तासभर मला नाटकाइतकाच प्रिय आहे. नट आपापला पेटारा उघडून मांडी घालून बसतात आणि हातातल्या आरशात बघून आपलं तोंड आपणच रंगवतात. दोन वर्षांपूर्वी एक वयस्क नट स्त्रीपात्रासाठी भुवई कोरत होते. वर एकच बल्ब. मी त्यांच्या खांद्यामागे बसले होते. समोर त्यांचा गाल आणि कान, आणि हातातल्या आरशात पूर्ण चेहरा. मला आरशातला चेहरा हवा होता. आरसा माझ्यापासून सुमारे सव्वा मीटरवर, पण आरशातला चेहरा मात्र पावणेदोन मीटरवर, कारण प्रकाश त्यांच्या तोंडापासून आरशापर्यंत जातो आणि मग माझ्याकडे येतो. आरशाच्या चौकटीवर फोकस केला तर चेहरा धूसर, आणि चेहऱ्यावर केला तर चौकट विरघळते. आधी मी ऑटोफोकसची लेन्स लावून बघितली. ती कधी गालाच्या कडेवर जायची, कधी आरशातल्या डोळ्यावर, आणि त्यांचा हात हलला की पुन्हा शोधाशोध. मग १०५ लावली. सव्वा मीटरवरून रिंग हळूहळू पुढे नेली. आधी आरशाच्या कडेला चिकटलेला रंग उजळला, तो विरला, आणि मग खोलातून त्यांची अर्धी कोरलेली भुवई वर आली. काडी टेकलेली, श्वास धरलेला. तिथे थांबले आणि तीन फोटो घेतले.

भुवई अशी वर येताना बघायला मिळते, म्हणून मी रिंग धरते. बटण दाबून मिळालेला फोकस आणि हा, कागदावर सारखेच दिसतील. मला तिथवर जाताना चेहऱ्याचा एकेक थर दिसतो आणि थांबायचं कुठे हे त्यातून कळतं. आताच्या बऱ्याच लेन्सची फोकस रिंग आतल्या मोटरला फक्त इशारा देते. जुन्या लेन्समध्ये तुमचा हात काचाच हलवत असतो, ग्रीसमधून, आट्यांवरून. कुठे किती फिरवलं हे महिन्याभरात बोटांना पाठ होतं.

दुसरं कारण समोरच्या माणसाचं आहे. बंदरावर मासे विकणाऱ्या एक आजी आहेत, मी त्यांना आये म्हणते. कॅमेरा वर केला की माणूस पहिल्या दोन सेकंदांत फोटोसाठीचा चेहरा करतो. मान ताठ, ओठ घट्ट. ऑटोफोकस त्या दोन सेकंदांतच फोटो घेऊन मोकळा होतो. माझी रिंग अजून फिरत असते.

"काढलंस काय गो?"

"नाय गो आये, जरा थांब."

"थांबतंय. माका खंय जावचा आसा?"

असं म्हणून त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि समुद्राकडे बघितलं. होड्या अजून यायच्या होत्या. तोच फोटो माझ्या स्टुडिओत दारासमोर लावलाय. ठेवणीतला चेहरा फार वेळ धरता येत नाही, माणूस दमतो आणि आपल्या चेहऱ्यावर परत येतो. तेवढा वेळ ही लेन्स मला देते.

चुकाही होतात, आणि एक चूक मला अजून सलते. सुरुवातीला मी फोकस पीकिंगवर विसंबायचे. जिथे फोकस बसला तिथे स्क्रीनवर लाल रेघा उमटतात, ती सोय. शेजारच्या काकांचा फोटो काढला, डोळ्यांभोवती लाल रेघा भरपूर दिसल्या, मी खूश. वर्षभरात काका गेले. घरच्यांनी मोठा प्रिंट मागितला. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितलं तेव्हा कळलं की रेघा चष्म्याच्या कडांवर होत्या. फ्रेम लख्ख, मागचे डोळे मऊ. घरच्यांनी काही म्हटलं नाही, फोटो लावला. मला तो आजही बघवत नाही. पीकिंग फक्त उठावदार कडा शोधतं. चष्मा, नथ, भुवईचे केस, जाळ्याचा दोर, जिथे कड तीव्र तिथे ते उमटतं. डोळ्याचं बुबुळ काळं, मऊ, ओलसर. त्यामुळे आता माझी पद्धत ठरलेली आहे. अपर्चर २.५वर उघडं, जवळच्या डोळ्यावर चौकट नेऊन व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करायचं, पापणीचे केस मोजता येतील इतकं, फोकस लावायचा आणि मग अपर्चर ४वर आणायचं. ४वर २ मीटरला साधारण साडेआठ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे माणूस जरा हलला तरी निभावतं. एकदा फोकस लागला की रिंगवरचा हात काढते. समोरचा किंचित मागे झुकला तर मीही तेवढीच पुढे झुकते. पाय रोवून उभं राहायचं. पोर्ट्रेटमधले निम्मे फोकस आपल्याच डुलण्याने सुटतात.

आणि हो, सगळीकडे ही लेन्स लावत नाही. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण, धावणारी पोरं, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना वाळूवर रेटारेटीने मागे सरणारी माणसं, इथे ऑटोफोकसच हवा. दुसऱ्याच्या घरचा एकदाच येणारा क्षण मी माझ्या आवडीवर टांगत नाही. सूर्य समोर असेल तरी काचेवरच्या जुन्या कोटिंगमुळे, म्हणजे लेपामुळे, चित्र फिकं पडतं, वाळूवर तर जास्तच.

आपल्या किनाऱ्यावर अशा लेन्सचा खरा वैरी पावसाळा. ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, भिंतींना ओल, आणि जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. मामांच्या चामड्याच्या केसमध्ये ती ठेवायची चूक मीही केली होती. चामडं ओल धरून ठेवतं. आता घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०च्या मध्ये राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घेते. समुद्रावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवायची आणि मगच कापड लावायचं. खारी वाळू काचेवर घासली तर कोटिंग गेलंच.

तुमच्यापैकी कुणी जुनी लेन्स घ्यायला निघाला असाल तर मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत धागे दिसतात का बघा. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. आणि रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या हाताने फिरवा. मध्येच अडकली, किंवा सैल होऊन नुसतीच गरगरली, तर परत ठेवून द्या. विकणारा हात लावू देत नसेल तर पैसे काढूच नका.