काचेची एकतारी

फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरून वाकवायचे आणि एकात एक अडकवून त्यांचे तोरण करायचे, हा उद्योग माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी लहानपणी केलेला असेल. लॅम्पवर्कचे, म्हणजे ज्योतीवर काच वितळवून घडवलेले मणी हे त्याच खेळाचे थोरले भावंड. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्यावर भात्याने वारा घालून चाले. आता माझ्या टेबलावर गॅस आणि ऑक्सिजनची ज्योत असली, तरी नावातला दिवा काही विझलेला नाही.

मण्यावर वेल किंवा रेघ काढायला काचेची बारीक तार लागते, साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीची. तिला स्ट्रिंगर म्हणतात. साध्या रंगाची तार काचेच्या सळईतून चुटकीसरशी ओढता येते; खरे लाड करून घेते ती चमचमणारी. तिची काच म्हणजे अ‍ॅव्हेंच्युरिन, खड्यांच्या दुकानातला गोल्डस्टोन. त्यात सोने नावालाही नसते. तांब्याचे ऑक्साइड घातलेली काच प्राणवायूपासून दूर ठेवून अतिशय सावकाश निववली, की तिच्यात निव्वळ तांब्याचे चपटे, सूक्ष्म स्फटिक धरतात आणि प्रत्येक स्फटिक इवल्या आरशासारखा लकाकतो. सतराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर ही काच नावारूपाला आली. तिच्या इटालियन नावात ‘नशिबाने’ असा अर्थ दडलेला आहे, आणि तो योग्यच म्हणायचा, कारण गोळा पूर्ण निवून फोडल्याखेरीज आत चमक धरली की नाही हे कळत नसे. पुढे तसाच चमकणारा दगड सापडला, तेव्हा त्यालाही याच काचेचे नाव दिले गेले. नकलेवरून अस्सलाचे बारसे झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

स्वस्त पडतो म्हणून मी एकदा खड्यांच्या दुकानातूनच गोल्डस्टोनचा ढेकळाएवढा तुकडा आणला आणि त्याच्या तारेने सहा मणी सजवले. तिसऱ्या दिवशी सहापैकी चार मण्यांना रेघेच्या कडेकडेने तडे गेलेले होते. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता, त्याने तो अंगठीसाठीच विकला होता. माझ्या इटालियन सळयांचा प्रसरणांक १०४ आहे, म्हणजे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की लांबी कोटीमागे १०४ भागांनी वाढते. शेजारी बसणारी काच जवळजवळ तेवढीच फुगली आणि आक्रसली नाही, तर मणी निवताना दोघींची ओढाताण होते. तेव्हापासून नवा तुकडा आला की आधी पत्रिका जुळवते. त्याचा कण आणि माझ्या सळईची काच शेजारी शेजारी चिकटवून दोन्हींची मिळून एक बारीक तार ओढायची आणि निवू द्यायची. सरळ राहिली तर जमले. धनुष्यासारखी वाकली, तर जी काच जास्त आक्रसते ती वाकाच्या आतल्या बाजूला असते, आणि तो तुकडा शोभेच्या बरणीत जातो.

पत्रिका जुळली तरी गोल्डस्टोनला थेट ज्योत सोसत नाही. एकदम आत धरला तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडून उडतो, आणि जास्त तापला तर तांब्याची लकाकी जाऊन मागे विटका तपकिरी रंग उरतो. म्हणून तो ज्योतीच्या टोकाशी दुरून शेकत आणायचा, त्याच्यावर पारदर्शक काचेच्या पट्ट्या कडेला कड भिडवून चढवायच्या, कुठेही फट ठेवायची नाही, आणि मग त्या झग्यासकट बोराएवढा गोळा मऊ होऊ द्यायचा.

यानंतरचे काम मी आईला चिरोट्यांचा पाक करताना पाहून शिकले, असे म्हटले तरी चालेल. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ती क्षणभर थांबे आणि मग बोटे विलग करी. घाईने केली तर तार तुटे. काचेचेही तसेच आहे. गोळा ज्योतीबाहेर काढून, त्याचा लालसर रंग मावळून वरची साय किंचित धरेपर्यंत मनात तीन आकडे मोजायचे आणि मग गोळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या काचेच्या मुठी धरून हात सावकाश दूर न्यायचे. लगेच ओढले तर हाती केसासारखा धागा येतो, जो पंख्याच्या वाऱ्यानेही हेलकावतो. फार थांबले तर गोळा हट्टाला पेटतो. मधली वेळ साधली, की हातभर लांब तार निघते आणि तिच्या पोटातून तांब्याची लकेर शेवटपर्यंत धावत जाते. ताणून धरलेले हात काच कडक होईपर्यंत मात्र खाली आणायचे नाहीत, नाही तर तारेला झोळ येतो.

ही तार मी बहुतेक काळ्या मण्यावरच वापरते, कारण काळ्या मण्याला सोनेरी सोबत पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय आहे. तारेची दोन्ही जाड टोके कापून डबीत ठेवते. पुढच्या खेपेला नवा गोळा पकडायला तीच मुठी म्हणून कामी येतात.