कुरव नोंदी : 'तो' काळ्या डोक्याचा नव्हताच

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे काळ्या डोक्याचा म्हणून लिहिलेला एकांडा कुरव (म्हणजे सीगल) आठवतोय? ती नोंद खोडा. शनिवारी तो उडाला आणि माझं पितळ उघडं पडलं.

सगळा डोलारा डोळ्यावर उभा होता. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट, काळ्या डोक्याच्याचं गडद. याचा डोळा काळाभोर, विषय संपला. चोच जाड वाटत होती, पण तिकडे मी काणाडोळा केला. (नावांवर तर जाऊच नका. विणीच्या काळात 'काळं' डोकंही चॉकलेटीच असतं, आणि हिवाळ्यात दोघांच्याही डोळ्यामागे नुसता एक गडद डाग.)

आधीचे उडतानाचे फोटो वाया गेले होते : पांढरं आभाळ, त्यात पंखाची पांढरी कड विरघळलेली. या वेळी एक्स्पोजर एक स्टॉप खाली ओढलं, म्हणजे फोटो मुद्दाम गडद काढले. बर्स्टच्या (एका दमात सलग टिपलेल्या) 14 फ्रेम, त्यातल्या 13 कचरा. उरलेल्या एकीत पंख पुरता उघडा! पुढच्या कडेने थेट टोकाकडे धावणारी पांढरी पाचर नाही. पांढरं मध्येच थांबतं, पुढे सरळ काळं. म्हणजे काळ्या डोक्याचा बाद. पण मग तपकिरीचे 'आरसे', काळ्या टोकातले ते पांढरे ठिपके, तेही कुठे दिसेनात. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी शेपटीने सोडवलं. टोकाला काळी पट्टी, म्हणजे पक्षी अजून पोरवयाचा. पंखावरचे तपकिरी डाग तर पहिल्याच दिवशी दिसले होते, पण वय आणि ओळख यांची सांगड मी घातलीच नव्हती. पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाला आरसे नसतात आणि बुबुळही गडदच असतं. लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर जन्मून पहिल्यांदाच समुद्र बघणाऱ्या पोराला मी प्रौढांच्या खुणा लावत बसलो होतो.

ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपने या एकाच पक्ष्याला दोन फोटोंत दोन नावं दिली, त्यामुळे त्याच्याशी माझा अबोला आहे. आणि 10×42 दुर्बीण (10 पट मोठं दाखवणारी) मिरवायला छान. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात माझ्या हाताला 8×42च मानवते.

पुढच्या खेपेला थव्यात दोन्ही कुरवांचं प्रमाण काढणार होतो. ते राहू दे, आधी थव्याची वयं लावतो. किंवा थांबा, होड्या परततात तेव्हा कुरव अगदी डोक्यावरून जातात. पंखांची खालची बाजूच टिपली तर? शनिवारी भरतीच्या आधी पोचतो, 8×42 गळ्यात.