पिवळं पाणी मिठीचं नव्हतं

साकीनाक्याच्या मागच्या एका चाळीत मे महिन्यात आम्ही विहिरीचे नमुने घ्यायला गेलो, तेव्हा चाळ कमिटीने निकाल आधीच लावून ठेवला होता. अर्जात लिहिलं होतं, मिठी नदीचं घाण पाणी झिरपून विहीर पिवळी झाली आहे. नदी कठड्यापासून हाकेच्या अंतरावर, काळीकुट्ट. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत सुमारे १८ किलोमीटरांत तिच्यात काय काय सोडलं जातं, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. त्यात २६ जुलै २००५ ला या चाळीतल्या तळमजल्याच्या सगळ्या खोल्यांत पाणी शिरलं होतं. नदीबद्दल इथे कुणी चांगलं बोलेल, ही अपेक्षाच चुकीची.

पिण्याचं पाणी नळाचं, तानसा-वैतरणा-भातशाकडून येणारं. पण ते थोडाच वेळ येतं, म्हणून धुणी, भांडी, संडास सगळं विहिरीवर. मुंबईच्या विहिरींचं हेच आहे. पाणी पिण्याचं नाही म्हटलं की तपासणीच्या यादीतून विहीर गळते, आणि लहान मुलांच्या अंघोळी मात्र त्याच पाण्याने होत राहतात.

मोटर चालू करून आम्ही पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर होण्याची वाट बघत होतो. तेवढ्यात एका मावशींनी पांढरी बादली आणून समोर ठेवली. "ताई, रात्रभर ठेवलं तरी खाली काही बसत नाही. तुरटी फिरवली, तरी पिवळंच."

या दोन वाक्यांनी माझं निम्मं काम केलं. पाण्यात लोह असतं तर हवा लागून तांबूस गाळ बसला असता, बादलीला डाग पडले असते. गढूळपणा असता तर तो तुरटीने खाली गेला असता. हे पाणी नितळ होतं आणि तरीही लिंबासारखं पिवळं. मी नमुन्यात आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड, म्हणजे विषारी क्रोमियम असेल तर जांभळं होणारं रसायन, टाकलं. नळी जांभळी झाली, तीही इतकी गडद की आमच्या रंगपट्टीवर त्या छटेला जागाच नव्हती. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचं पाण्यात विरघळणारं, पिवळं आणि विषारी रूप. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पिवळेपणा डोळ्यांना दिसायला लागतो, तोवर ती कधीच मागे पडलेली असते.

नदीचं पाणी गाळून त्यावर हीच चाचणी केली. काही नाही. सेक्रेटरींना वाटलं, किट बिघडलं. खरं तर ते अपेक्षितच होतं. मिठीच्या त्या पट्ट्यात सांडपाणी इतकं की पाण्यात ऑक्सिजन जवळपास उरतच नाही, सल्फाइडचा वास येतो. अशा पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम टिकत नाही. त्याचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे पाण्यात फारसं न विरघळणारं रूप होतं आणि ते गाळात जाऊन बसतं. पिवळं पाणी एवढ्या काळ्या नदीतून येणं रसायनशास्त्रालाच मंजूर नव्हतं.

पण चाळीला रसायनशास्त्राने पटणार नव्हतं, म्हणून डंपी लेव्हल, म्हणजे उंचसखल मोजायची दुर्बीण काढली. विहिरीतल्या पाण्याची पातळी, नदीची पातळी, वरच्या अंगाला असलेल्या देवळाच्या विहिरीची आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका बंद बोअरची. आमचा सहकारी स्टाफ, म्हणजे मोजणीची उंच पट्टी, धरून उभा राहिला आणि पाच मिनिटांत गर्दी जमली. "एसआरएची मोजणी सुरू झाली काय?" एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना. नाही म्हटल्यावर निम्मे लोक निराश होऊन गेले. आकडे मांडले तेव्हा उतार सरळ दिसला. बोअरमधलं पाणी सगळ्यात वर, मग चाळीची विहीर, आणि नदी तिच्याहून दीडेक मीटर खाली. पावसाळ्यात पूर आला तर काही काळ नदी वर चढते, पाणी उलटं शिरतं, हे खरं. पण भर उन्हाळ्यात विहीर नदीला पाणी देत होती, घेत नव्हती. इथे वर मुरूम आणि खाली काळा कातळ. मुरमातून उतरलेलं पाणी कातळावर अडतं आणि त्याच्याच अंगाने, भेगा सापडतील तसं, नदीकडे सरकतं.

म्हणून आम्ही उलट दिशेला चालत गेलो. इस्टेटमधल्या चहावाल्याने दोन गाळ्यांकडे बोट दाखवलं. "आता कुरियरवाले आहेत. आधी हार्ड क्रोम चालायचं. टाक्या जमिनीतच होत्या." हार्ड क्रोम म्हणजे धातूच्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवण्याचं काम. पार्सलच्या थप्प्या हलवून फरशी उचलायला परवानग्यांत आठवडे गेले. खाली भिंत तडकलेली टाकी, आणि भोवतीचा मुरूम पिवळा-हिरवा. कारखाना केव्हाच उठून गेला होता, पण दर पावसाळ्यात भूजल वर चढून तो मुरूम नव्याने धूत होतं.

बैठकीत सेक्रेटरी चिडले. "म्हणजे नदीचा काही दोष नाही?" म्हटलं, आहे, पण या विहिरीपुरता नाही. पुढचा प्रश्न त्यांनी नेमका विचारला, मग विहिरीला टाळं लावायचं का? तशी सूचना कागदावर आलीही होती. मी विरोध केला. एवढी वर्षं चाळीची मोटर ते पिवळं पाणी स्वतःकडे ओढत होती. उपसा थांबला असता, तर तेच पाणी पुढे नदीच्या गाळात जाऊन साठलं असतं, जिथून ते काढणं कैकपट अवघड. टाकीभोवतीचा मुरूम खोदून काढायचा, विहीर उपसत राहायची, पण पाणी घरात न नेता फेरस सल्फेटच्या टाकीत सोडायचं, म्हणजे त्या लोहक्षाराने विषारी क्रोमियमचं ट्रायव्हॅलंट होऊन ते गाळात बसेल, गाळ वेगळा करून धोकादायक कचरा म्हणून पाठवायचा, असं ठरलं. नियमित तपासणीच्या तक्त्यात क्रोमियमचा रकानाच नव्हता. नदीसाठी केलेला तक्ता विहिरींनाही तसाच लावला होता. तो रकाना वाढवून घेतला.

विहीर हातची गेल्याने मावशी आमच्यावर नाराजच होत्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. चाळीला टँकर सुरू झाला. पहिला टँकर आला तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, कुठल्या विहिरीवर भरता? तो म्हणाला, "मालकाला विचारा, मॅडम." मी त्याच्या पाइपाखाली बाटली धरली.